न दिसणाऱ्या कामाचे मूल्यमापन : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील आघाडीच्या फळीचा प्रशिक्षक

प्रस्तावना

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो, त्या संघाचे पाच खेळाडू रेषेवर उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवितात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल, अशी ही ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ म्हणजे आघाडीची फळी होय. या पाचांना सामान्यतः पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा नसते. त्यामुळे त्यांच्या नावावर ना यार्ड जमा होतात, ना गुण. ज्यांच्या कामाची नोंदच होत नाही, त्यांना घडविणाऱ्या प्रशिक्षकाचे मूल्यमापन कशाच्या आधारे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न केवळ कीर्तीचा नाही; याच मूल्यमापनावर प्रशिक्षकाची नोकरी टिकते वा जाते.

आकड्यांची मर्यादा

फळीचा दर्जा ठरविताना प्रामुख्याने दोन आकडे पुढे केले जातात : ‘सॅक’, म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्यापूर्वीच तो रेषेमागे पाडला जाणे, आणि चेंडू घेऊन धावताना मिळालेल्या यार्डांची सरासरी. हे दोन्ही आकडे दिशाभूल करू शकतात. क्वार्टरबॅकने चेंडू हातात फार वेळ धरून ठेवला किंवा रनिंग बॅकने आपला माणूस अडविला नाही, तरी सॅकचा दोष फळीच्या माथी बसतो. उलट, झटपट फेकींची योजना असलेल्या संघात दुबळी फळीही झाकली जाते.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. व्यावसायिक एनएफएलमध्ये सॅकमुळे गमावलेले यार्ड फेकीच्या खात्यातून वजा होतात; महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ते धावण्याच्या खात्यातून वजा होतात. समजा, एका संघाने 30 प्रयत्नांत 150 यार्ड मिळविले. सरासरी 5 झाली. त्याच सामन्यात 4 सॅक होऊन 30 यार्ड गेले, तर नोंदवहीत 34 प्रयत्नांत 120 यार्ड दिसतात आणि सरासरी साधारण 3.5 वर येते. एकाच अपयशाची शिक्षा अशी दोनदा होते. हा नियम ध्यानात न घेता केलेली टीका प्रशिक्षकावर अन्याय करणारी ठरते.

गुणवत्ता आणि शिकवण

2015 पासून सर्वोत्कृष्ट फळीला ‘जो मूर पुरस्कार’ दिला जातो. एका खेळाडूऐवजी संपूर्ण फळीचा गौरव करणे, हे त्याचे वैशिष्ट्य. ही दृष्टी उचित आहे, कारण कबड्डीतील साखळीप्रमाणे येथेही एक हात सुटला की सर्वांचे श्रम वाया जातात. मात्र ‘फळी उत्तम आहे’ या विधानातून ‘प्रशिक्षक उत्तम आहे’ हे आपोआप सिद्ध होत नाही. 2017 मध्ये हा पुरस्कार नॉत्र दाम विद्यापीठाला मिळाला. त्या फळीतील क्वेंटन नेल्सन आणि माइक मॅकग्लिंची यांची 2018 च्या एनएफएल निवडीत अनुक्रमे सहाव्या व नवव्या क्रमांकावर निवड झाली. असे खेळाडू हाती असताना श्रेय गुणवत्तेचे किती व शिकवणीचे किती, हे सांगणे कठीण आहे.

आयोवा विद्यापीठाच्या रॉबर्ट गॅलरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तो टाइट एंड म्हणून दाखल झाला, तेथे टॅकल बनला, 2003 मध्ये आउटलँड ट्रॉफीचा मानकरी ठरला आणि 2004 च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. येथे घडणीचा वाटा दिसतो. तरीही सावधगिरी हवी : यशस्वी शिष्य लक्षात राहतो, न घडलेले विस्मरणात जातात. शिवाय 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झाल्यापासून खेळाडूंचे स्थलांतर वाढले. एकाने घडविलेला टॅकल दुसऱ्याच्या फळीत मिरवतो. या पार्श्वभूमीवर 2024 चा पुरस्कार लष्करी अकादमीच्या ‘आर्मी’ संघाला मिळाला, ही घटना अर्थपूर्ण वाटते. कारण बाहेरून तयार खेळाडू आणण्याची वाट त्या संघाला जवळपास बंदच आहे.

मूल्यमापनाचा प्रश्न न्यायालयात

ज्या जो मूर यांच्या नावे हा पुरस्कार आहे, त्यांनाच 1996 चा हंगाम संपल्यावर, वयाच्या 64 व्या वर्षी, नॉत्र दामने पदावरून दूर केले होते. विद्यापीठाने त्यांच्या वर्तनाची व कामगिरीची कारणे पुढे केली. 1998 मध्ये ज्यूरीने मात्र वयावरून भेदभाव झाल्याचा निर्णय दिला. पुढे त्यांच्याच नावाचा पुरस्कार त्याच विद्यापीठाकडे गेला. या प्रकरणावरून मूर यांना निर्दोष ठरविण्याचा येथे हेतू नाही. परंतु सर्वमान्य निकष नसले की ‘कामगिरी’ हा शब्द कोणत्याही निर्णयाचे समर्थन करण्यास उपयोगी पडतो, हे त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

प्रस्तुत लेखकाच्या मते तीन कसोट्या अधिक न्याय्य ठरतील. पहिली, निवडक शिष्यांऐवजी एका वर्षी दाखल झालेल्या सर्व खेळाडूंची शेवटपर्यंतची वाटचाल पाहणे. दुसरी, एखादा खेळाडू जायबंदी झाल्यावर राखीव खेळाडूसह फळी कशी टिकते, हे तपासणे. तिसरी, प्रत्येक सॅकचे चित्रीकरण पाहून चूक नेमकी कोणाची, याची विभागणी करणे. तिसरीची मर्यादा उघड आहे : कोणाला कोणती जबाबदारी दिली होती, हे पडद्यावर दिसत नाही, ते संघातील माणसांनाच ठाऊक असते. म्हणून बाहेरच्या समीक्षकाने आपला निर्णय नम्रतेनेच मांडावयास हवा.

निकालाच्या टक्केवारीवरून ज्यांचे अध्यापन जोखले जाते, त्या आपणा प्राध्यापकांना हा प्रश्न परका वाटू नये. विद्यार्थी कोठे पोहोचला, हे गुणपत्रिका सांगते. तो कोठून निघाला होता, हे तिच्यात लिहिलेले नसते.