धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि स्थानिक संग्रहालयाची कल्पना

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यास निवर्तले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1927 च्या जानेवारीत, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. वस्तू जमविण्याच्या हौसेतून या संस्थेचा जन्म झालेला नाही. गावोगाव पायपीट करून एका पुरुषाने गोळा केलेले दप्तर वाळवीच्या आणि वाण्याच्या हाती जाऊ नये, या चिंतेतून ती उभी राहिली. तेथील संग्रहालयाचा विचार करताना ते दप्तराच्या आश्रयाने वाढले आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. त्याचे बळ आणि त्याची उणीव ही दोन्ही तेथेच आहेत.

बळाविषयी फारसा मतभेद होणार नाही. भास्कर वामन भटांसारख्या कार्यकर्त्यांनी जिल्ह्याच्या गावी राहून संशोधनाची परंपरा निर्माण केली. मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले, 1937 मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादिलेला राजवाड्यांचा मराठी धातुकोश काढला, आणि पुढे मु. ब. शहा यांच्या संपादकत्वाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत सिद्ध केले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांच्या परिश्रमाने उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांतील बाडे सांभाळली गेली आहेत. एका गावात असे दोन संग्रह असावेत, ही पुण्याबाहेरच्या महाराष्ट्रात सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु दप्तर आणि संग्रहालय यांचे धर्म भिन्न आहेत. दप्तर लिहिणाऱ्याचे असते. स्थानिक संग्रहालय जे लिहीत नव्हते त्यांचेही असावे लागते. मंडळाच्या संग्रहाचा भर हस्तलिखिते, नाणी आणि मूर्ती यांवर आहे. ही साधने मोलाची खरी, पण ती मुख्यतः दरबार, देवालय आणि विद्वान यांनी मागे ठेवलेली आहेत. खानदेशातील भिल्लाचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजी अमदानीच्या कागदांत तो येतो तो बहुधा बंडखोर किंवा लुटारू म्हणून, नाही तर 1825 मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीतील शिपाई म्हणून. तो होळीला काय लेवून नाचतो, धान्य कशात साठवितो, पोराला कोणत्या नावाने हाक मारतो, हे कागद सांगत नाही. सातपुड्यातील होळीत कमरेला भोपळे व घुंगरू बांधून आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून नाचणारा ‘बुध्या’ कोणत्याही रुमालात बांधून ठेवता येत नाही.

येथे स्वतः राजवाडेच आपल्या अनुयायांना अडचणीत टाकतात. त्यांनी 1924 मध्ये ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली. मुंबई-साष्टी या बेटांच्या आणि केळवे-माहीमच्या परिसरातील समाजाची ही हकीकत. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले ते असे की, राजे बदलत गेले तरी तेथील बहुजन त्याविषयी उदासीन का राहिले? त्यांचे उत्तर सर्वस्वी पटण्यासारखे नाही. पण राज्याचा इतिहास आणि लोकांचा इतिहास या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात, हे त्या प्रश्नानेच मान्य झाले. ज्याच्या टेबलावर हा प्रश्न होता, त्याच्या नावाच्या संग्रहालयाने राज्याच्याच खुणांवर संतुष्ट राहणे त्याच्या विचाराशी जुळत नाही.

मार्गही त्यांच्याच कामात सापडतो. धातुकोश रचणारा माणूस बोलीतल्या क्रियापदाला शिलालेखाइतकेच पुरावा मानीत होता. हा न्याय वस्तूंना लावला तर काय होते, याचा विचार जळगावात करता येतो. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या राहत्या वाड्याचे स्मृतिसंग्रहालय झाले आहे. त्या निरक्षर होत्या; त्यांची गाणी घरच्यांनी उतरून घेतली म्हणून राहिली आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने बाहेर आली. त्यांच्या एका कवितेचे नावच ‘घरोट’ आहे. अशा वाड्यातील दगडी जोडीवर केवळ ‘जाते’ अशी पाटी लावली, तर वस्तू राहिली आणि साक्ष गेली असे म्हणावे लागेल. ‘घरोट’ या शब्दाबरोबर पहाटेची वेळ, दळणाची लय, लेवा समाजाची बोली आणि ती गाणारी बाई येते. ‘जाते’ हा प्रमाण शब्द यांपैकी काहीच आणीत नाही. शिवाय स्मारकाला आणखी एक धोका असतो, तो भक्तीचा. कवयित्रीने हाताळलेली म्हणून वस्तू पूज्य झाली की शेजारच्या घरातही तीच वस्तू होती, हे पाहणारा विसरतो.

(जैन हिल्सवरील ‘गांधी तीर्थ’ 2012 मध्ये खुले झाले. त्याची मांडणी अद्ययावत आहे, पण ते ज्या चरित्रासाठी आहे ते अखिल भारताचे आहे. स्थानिक संग्रहालयाच्या मापाने ते मोजणे अन्यायाचे होईल.)

बोलीचा प्रश्न खानदेशात विशेष बिकट आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ल भाषांच्या खंडात घातले होते. मराठीच्या अभ्यासकांनी तो निर्णय नाकारला, पण नाकारल्यावर अहिराणीला आपल्या घरात किती जागा दिली, हे वेगळे विचारावे लागते. कानबाईच्या रोटांची, गुलाबाईच्या गाण्यांची, मांडे भाजण्याच्या खापराची नावे सांगणारी पिढी वृद्ध झाली आहे. मूर्ती आणखी शंभर वर्षे थांबू शकते. बोलणारा माणूस थांबत नाही. म्हणून मंडळासारख्या संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक नव्या वस्तूपुढे तिचे गावातले नाव, ते सांगणाऱ्याचे गाव व बोली, आणि त्या वस्तूशी निगडित क्रियापदे यांचे रकाने असावेत, आणि शक्य तेथे त्या उच्चाराचे ध्वनिमुद्रण असावे. खर्चाची सबब येथे चालणार नाही. या कामाला काचेच्या कपाटांपेक्षा कान असलेला पदव्युत्तर विद्यार्थी अधिक लागतो.

या सूचनेला परका म्हणता येणार नाही असा आधार चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ काढला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेला शके 1128 चा शिलालेख त्याची साक्ष देतो. लेखातील राजकुलाची आणि पंडितकुलाची वर्णने संस्कृतात आहेत. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नातून मठाला काय मिळावे, हे सांगण्याची वेळ आली तेव्हा कोरणाऱ्याने संस्कृत सोडून मराठी धरली, कारण ते देणाऱ्यांना समजावयाचे होते.