गोरोबांच्या आख्यानातील मातेचा विषाद

धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या गोरोबा कुंभारांचे आख्यान महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) कथन केले आहे. भजनात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायांखाली तान्हे मूल चिखलात तुडविले जाते. पाणी घेऊन परतलेली माता आक्रोश करते. या प्रसंगातून सामान्यतः भक्ताची तन्मयताच वाखाणली जाते. वस्तुतः आख्यानाचे मानवी सत्य मातेच्या विषादात आहे. त्या विषादाला कारण आहे, प्रेमाचे माप आहे. त्यास केवळ व्याधी म्हणणे अपुरे ठरेल. पुढे पंढरीच्या कीर्तनात मूल परत मिळते. तेथे विषाद निवतो, परंतु उमगत नाही. उपचार आवश्यक असतात तेथेही, मन का खचले हा प्रश्न उरतोच; चमत्काराने वा निदानाने तो मिटत नाही.