दुखणं मोजायची पट्टी

भोर-वेल्ह्यात भातलावणी सुरू झाली की बायका दिवसभर चिखलात वाकून असतात. अंग दुखतं, चार दिवस विसावा मिळाला की थांबतं. पण काहींचं सर्वांग तीन महिने उलटले तरी दुखतच राहतं. झोपून उठलं तरी थकवा जात नाही, साध्या गोष्टी आठवत नाहीत. रक्त, एक्स-रे सगळं ठीक. मग 'काही झालेलं नाही' असं सांगून त्यांना घरी पाठवतात.

हे म्हणणं शास्त्रीय नाही. या दुखण्याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. यात सांध्यांची झीज किंवा सूज नसते. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, रेडिओचा आवाज मोठा करावा तसे. रक्ताच्या तपासणीत ते दिसणार कसं?

मग ओळखायचं कसं? 1990 साली अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं पट्टी ठरवली: शरीरावरच्या 18 ठरावीक जागा सुमारे चार किलो भारानं दाबायच्या, निदान 11 ठिकाणी दुखलं पाहिजे. दहाच ठिकाणी दुखलं तर? शिवाय थकवा आणि झोप यांना त्यात जागाच नव्हती. 2010 मध्ये त्याच संघटनेनं नवे निकष मांडले. दाबणं गेलं, शरीराचे 19 भाग, थकवा, झोप, स्मरण यांविषयी रुग्णालाच विचारायचं ठरलं. आपल्याच जिल्ह्यात भिगवणला 1996 साली सुरू झालेल्या संधिवात-पाहणीतही आधी लोकांना 'कुठे दुखतं' हेच विचारलं होतं. ऐकून घेणं हीसुद्धा मोजणीच आहे.

तरी नवी पट्टीही डोळे झाकून वापरता येत नाही. कष्टानं दुखणारं अंग, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार यांतही उत्तरं तशीच येतात. ते आधी तपासायला हवं. प्रत्येक अंगदुखीला हे नाव चिकटवणं तितकंच चूक.

आमचा खरा आक्षेप सल्ल्यावर आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 साली उपायांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम शिफारस एकाच उपायाला मिळाली: व्यायाम. औषधांचा उपयोग काहींनाच आणि बेताचा. पण डोक्यावर मोळी घेऊन चढ चढणाऱ्या बाईला नुसतं 'व्यायाम करा' म्हटलं तर ती हसेल, आणि तिचं बरोबरच असेल. कष्टात वेग काम ठरवतं, थांबायची मुभा नसते. व्यायामात वेग आपला असतो: आज दहा मिनिटं सपाटीवर चालणं, आठवड्यानं थोडं जास्त, दुखणं वाढलं तर कमी. म्हणजे या सल्ल्याचा पहिला भाग घरातल्यांसाठी आहे: तिच्या डोक्यावरचा एक हंडा दुसऱ्या कुणीतरी उचलायचा. तो भाग सल्ल्यात सहसा नसतो.