अर्धवटाची समीक्षा

नाटकाची समीक्षा होते, गाण्याची होते, क्वचित कवितेचीही होते. हाफ फ्रायची मात्र कुणी करत नाही. वास्तविक गवयाची परीक्षा विलंबितात होते, तशी आचाऱ्याची अर्धवट शिजवलेल्या अंड्यात. बुर्जीत कांदा, मिरची, कोथिंबीर यांच्या गर्दीत काहीही लपतं. हाफ फ्रायला लपायला जागाच नाही.

अंड्याचं शास्त्र साधं आहे. पांढरं ६२ अंशांच्या आसपास धरू लागतं, पिवळं ६५च्या पुढे घट्ट होऊ लागतं. या दोन-चार अंशांच्या फटीत सगळी कला! त्यासाठी आच मंद हवी, वर झाकण हवं आणि माणूस जागेवर हवा. जळगाव-धुळ्याच्या गाड्यांवर या तिन्हींचा दुष्काळ. स्टोव्ह असा गर्जत असतो की भुसावळहून इंजिन आलंसं वाटावं. कडा जळून कुरकुरीत, पिवळ्याभोवती पांढरं पाणीच. खालून जळकं, वरून कच्चं. सरासरी काढली की हाफ! आपण तोंड वाकडं केलं की "काबरं भाऊ, पलटी मारू का?" असं विचारतात आणि उत्तराआधीच मारतात.

हाफ बॉईलची तऱ्हा निराळी. अशक्त माणसाला डॉक्टर ते खायला सांगत, म्हणून घराघरांत ते औषधासारखंच खाल्लं गेलं. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं, हा हिशेब थंड मुलखातला. मे महिन्यात जळगावचं अंडं पातेल्यात पडण्यापूर्वीच ४० अंशांवर असतं. त्याला निम्मा प्रवास घरबसल्या घडलेला! मग चार मिनिटांत ते पुरतं प्रौढ होतं. राहिलं पाण्यात फोडून सोडायचं पोच. ते मागितलं तर मालक पावतीपुस्तक शोधू लागतो.

घरीही अंड्याला मंद आच लाभली नाही. कित्येक घरांत ते परसात, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या तव्यात, आजी देवळातून परतायच्या आत उरकायचं. अशा घाईत कला कसली? आम्लेटच व्हायचं, तेही करपलेलं.

आता खानदेशाची बाजूही ऐकायला हवी. ४५ अंशांच्या उन्हात दिवसभर गाडीवर बसलेलं अंडं अर्धकच्चं खाणं म्हणजे साल्मोनेला नावाच्या जंतूला जेवायला बोलावणं. तिथे 'पुरतं शिजव' हेच शहाणपण, आणि उन्हाळ्यात मी त्यांच्याच पक्षाचा. पण मग त्याला फुल म्हणावं! पुरतं शिजवणं हा दोष नव्हे. पुरतं जाळून त्याला हाफ म्हणणं हा आहे.

बरं, इथल्या माणसाला धीर नाही म्हणावं, तर तसंही नाही. हाच माणूस थंडीत शेतात कपाशीच्या काड्या पेटवून भरिताचं वांगं भाजतो. ते सगळीकडून सारखं फिरवतो, आत मऊ झालं की नाही ते बोटानं चाचपतो, आणि तोवर पाहुण्यांना खुशाल ताटकळत ठेवतो. कुणी घाई केली तर ओरडतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते वांग्याला. पण भाजणाऱ्या हातालाही एखादं द्यायला हरकत नव्हती.

त्या हाताला एवढंच सांगणं आहे : थंडी पडली, ताजी अंडी आली, की वांग्याला देता त्यातली तीन मिनिटं अंड्यालाही द्या. आणि तेवढं झाकण शोधून ठेवा.