जनसुनावणीत न दिसणारे खांब

अकोला जिल्ह्यातले पारस आणि अमरावतीजवळचे नांदगाव पेठ, दोन्हीकडची वीजकेंद्रे कोळशावर चालतात. मात्र या दोन जिल्ह्यांत कोळशाची खाण नाही. इथे पायाखाली बसाल्टचे थर आहेत. वऱ्हाडात कोळसा सापडतो तो पार पूर्वेला, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे. म्हणून खाणीच्या परवानगीचा विषय आपल्या वर्गात सहसा निघत नाही. तो निघावा असे आम्हाला वाटते, कारण त्यात नववीच्या गणिताने तपासता येण्यासारखे बरेच काही आहे.

जुलै २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या गोंडखैरी येथे भूमिगत कोळसाखाणीसाठी जनसुनावणी झाली. आसपासच्या गावांनी विरोध केला. अशा खाणींच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : खाण उघडी नाही, जमिनीखाली आहे, वरचे शेत, विहीर, घर जागच्या जागी राहणार. हे कितपत खरे आहे?

भूमिगत खाणीत कोळशातून आडवे-उभे बोगदे काढतात आणि मधे चौकोनी खांब ठेवतात. वरचा सगळा डोंगराएवढा भार या खांबांवर. खांब किती जाड हवेत याचे कोष्टक १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत दिले होते (आता त्यांच्या जागी २०१७ चे विनियम आहेत). खोली ६० मीटरपर्यंत आणि बोगदा ४.८ मीटर रुंद असेल, तर दोन खांबांच्या मध्यांतले अंतर किमान १९.५ मीटर हवे. म्हणजे खांबाची बाजू १४.७ मीटर. मुलांना वर्ग करून भागाकार करायला सांगा : सुमारे ५७ टक्के कोळसा खांबांतच राहतो. २४० ते ३६० मीटर खोलीवर हेच अंतर ४५ मीटर होते, आणि जवळजवळ ८० टक्के कोळसा अडकतो.

आता पाचवा हिस्सा कोळशासाठी कोण खाण खोदेल? खरा माल खांबांतच असतो. म्हणून पुढच्या टप्प्यात खांबही काढायचे असतात. खाणीतले लोक याला ‘डिपिलरिंग’ म्हणतात. खांब काढले की छत कोसळते, वरचे थर खाली बसतात आणि भेगा वर चढत जातात. ‘वरची जमीन जागच्या जागी’ हे वाक्य पहिल्या टप्प्यापुरते बरेचसे खरे, दुसऱ्या टप्प्यात नाही.

आमचा आक्षेप इथे आहे. पर्यावरण मंजुरीची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना वाईट नाही. सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना, स्थानिक भाषेत सारांश, लोकांनी मांडलेले मुद्दे त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे, हे सगळे तिच्यात आहे. पण खांब काढण्याची परवानगी धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय देते, आणि तीही नंतर. पाणी उपसण्यासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाची खिडकी वेगळी. गावाला बोलायची संधी एकाच खिडकीवर मिळते, तीही सर्वांत आधी, जेव्हा घराखालचा खांब राहणार की जाणार हे पक्के ठरलेले नसते. विहिरीचे पाणी भेगांतून खाली गेले तर तो प्रश्न पर्यावरणाचा की खांबांचा? विहिरीला अशी खाती माहीत नसतात.

जमीन किती खचेल याचा अंदाज अहवालात असतो, नाही असे नाही. तो ‘दर मीटरला इतके मिलिमीटर ताण’ अशा भाषेत असतो. समजा हा ताण ३ मिलिमीटर आहे. दहा मीटर लांबीच्या मातीच्या भिंतीला याचा अर्थ तीन सेंटिमीटरची ओढ. सारांशात हे एक वाक्य मराठीत लिहायला काय हरकत आहे?

खांबांवर नको तितका भरवसा ठेवला की काय होते ते दक्षिण आफ्रिकेत दिसले. २१ जानेवारी १९६० रोजी कोलब्रुक खाणीतले खांब एकामागून एक चिरडले आणि चारशेहून अधिक कामगार गाडले गेले. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो यांनी १९६७ मध्ये खांबाच्या बळाचे सूत्र मांडले. त्यात रुंदीइतकेच उंचीलाही महत्त्व आहे : खांब उंच तितका कमजोर. आपल्या कोष्टकात खोली आणि बोगद्याची रुंदी आहे, उंची नाही. तिची मर्यादा निराळी सांगितली आहे. आणि खाण बंद झाली म्हणून खांब सुटीवर जात नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस येथे एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती.

उपाय जुनाच आहे : काढलेल्या कोळशाच्या जागी भराव. त्यासाठी १९३९ मध्येच आपल्याकडे कायदा झाला होता. भराव नदीच्या वाळूचा, आणि वाळू उपसली की नदीचे हाल. त्यापेक्षा वीजकेंद्राची राख वापरता येते, तिच्यातल्या जड धातूंची तपासणी करून. पारसची राख पारसलाच साठते, आणि कोळशाच्या वाघिणी खाणीकडे रिकाम्याच परततात.