शाल, श्रीफळ आणि गणवेशाचं बिल

‘टायटॅनिक’ मी पहिल्यांदा पाहिला तो सातवीत असताना, टीव्हीवर, साबणाच्या जाहिराती झेलत झेलत. जॅक आणि रोझपेक्षा मला लक्षात राहिले ते डेकवर उभं राहून व्हायोलिन वाजवणारे लोक. जहाज कलतंय, माणसं किंचाळत पळतायत आणि हे वाजवतायत. आई म्हणाली, “याला म्हणतात साधना.” मला ते तेव्हा पटलं होतं. आत्ता लॉकडाउननंतर परत पाहिला, तेव्हा वेगळाच प्रश्न पडला: या लोकांना पगार कोण देत होतं?

मी आयटीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोमँटिक दृश्यातही पडतो. आणि त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, त्यानंतर जेम्स कॅमेरॉनचा 1997चा हा सिनेमा मला पूर्वीसारखा बघता येत नाही.

टायटॅनिकवर आठ वादक होते. प्रमुख वॉलेस हार्टली, लँकशरमधल्या कोल्न गावचा, वय 33. आधी त्याने ऑपेरा कंपन्यांबरोबर गावोगाव दौरे केले, समुद्रकिनारी पर्यटनाच्या गावात वाजवलं, मग ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरिटेनिया’वर. रॉजर ब्रिकू हा फ्रेंच चेलोवादक जेमतेम विशीचा. तो आणि पियानोवादक थिओडोर ब्रेली आधी ‘कार्पेथिया’वर होते, टायटॅनिकच्या वाचलेल्या प्रवाशांना पुढे ज्या जहाजाने उचललं, तेच हे. हॉटेल, नाटकगृह, जहाज, परत हॉटेल असं हे फिरतं आयुष्य. जिथे काम असेल तिथे वाद्य उचलून जायचं. आपल्याकडच्या ऑनसाइटसारखंच, फक्त भत्ता कमी.

यातला एकही जण जहाज कंपनीचा नोकर नव्हता. लिव्हरपूलच्या ‘सी. डब्ल्यू. अँड एफ. एन. ब्लॅक’ या एजन्सीने मोठ्या जहाज कंपन्यांच्या वादकांचं कंत्राट आपल्या हातात घेतलं होतं. ते हातात आल्यावर महिन्याचा साडेसहा पौंडांचा पगार चारवर आला. कुरकुर करून जाणार कुठे? काम हवं तर याच दारातून. टायटॅनिकवर हे आठही जण खलाशांच्या यादीत नव्हते. सेकंड क्लासच्या तिकिटावर, प्रवासी म्हणून चढले होते. आठ जणांचं मिळून तिकीट एक, नंबर 250654.

ज्यांनी थर्ड पार्टी पेरोलवर काम केलंय, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता सिनेमाकडे येऊ. कॅमेरॉनने तपशिलासाठी जीव टाकलाय. वादकांसाठी ‘आय सॅलोनिस्टी’ हा स्वित्झर्लंडचा खराखुरा चेंबर ग्रुप घेतला, म्हणून बोटं आणि गज खोटे वाटत नाहीत. एक प्रसंग तर फार नेमका आहे. एक वादक म्हणतो की आपलं कुणी ऐकतच नाहीये. त्यावर उत्तर येतं, जेवतानाही कुठे ऐकतात! माझ्या मते अख्ख्या सिनेमात वादकांच्या धंद्याबद्दल खरं बोलणारी हीच एक जागा आहे. लोकांच्या सूपच्या मागे वाजत राहणं हेच त्यांचं काम होतं.

पण सिनेमा तिथे थांबत नाही. वादक एकमेकांचा निरोप घेऊन निघतात, हार्टली एकटाच थांबून स्तोत्र सुरू करतो, बाकीचे परत येतात. मग ते सूर इतरांच्या मरणावर पसरतात: पलंगावर बिलगलेलं म्हातारं जोडपं, मुलांना गोष्ट सांगून झोपवणारी आई, घड्याळापाशी उभा असलेला जहाजाचा रचनाकार. दृश्य विलक्षण आहे, मलाही दरवेळी गलबलतं. पण बघा, त्या क्षणी वादक माणसं उरत नाहीत, ती सिनेमाचं पार्श्वसंगीत होतात. जेवणाच्या हॉलमध्ये श्रीमंत प्रवाशांनी त्यांचं जे केलं, तेच शेवटी दिग्दर्शकानेही केलं.

पुढच्याच वर्षी ज्युसेप्पे तोर्नातोरेचा ‘द लेजंड ऑफ 1900’ आला. जहाजावर सापडलेलं बाळ तिथेच वाढतं, अफाट पियानो वाजवतं आणि आयुष्यभर जमिनीवर पाय ठेवत नाही. एन्नियो मोरिकोनेचं संगीत सुंदर, टिम रॉथही सुंदर. पण त्या नायकाला गाव नाही, आईबाप नाहीत, घरी पैसे पाठवायचे नाहीत. समुद्रावरचा वादक सिनेमाला असाच आवडतो, भाडं भरायची वेळ कधीच न येणारा. दंतकथा म्हणून ते चालतं. हार्टली मात्र दंतकथा नव्हता.

टायटॅनिक बुडालं 15 एप्रिल 1912ला. आठही वादक गेले. 30 एप्रिलला ब्लॅक एजन्सीने स्कॉटलंडच्या डम्फ्रीजमध्ये अँड्र्यू ह्यूम यांना पत्र पाठवलं. त्यांचा मुलगा जॉक, वय 21, व्हायोलिनवादक. पत्रात सांत्वन नव्हतं, गणवेशाचं थकलेलं बिल होतं: 14 शिलिंग 7 पेन्स. त्यात कोटावर कंपनीची बटणं शिवण्याचीही मजुरी लावलेली. महिना चार पौंडांच्या हिशोबाने ही साधारण साडेपाच दिवसांची कमाई. वादकांच्या संघटनेने ते पत्र आपल्या अंकात जसंच्या तसं छापलं. नुकसानभरपाई मागितली तेव्हा जहाज कंपनी म्हणाली, ते आमचे नोकर नव्हते. एजन्सीच्या बाजूनेही हात वर. ज्या कागदावर ते जहाजावर चढले, त्याच कागदाने घरच्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं.

कौतुकाला मात्र तोटा नव्हता. 24 मे 1912ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळपास 500 वादकांनी त्यांच्यासाठी मैफल केली. संचालन करणाऱ्यांत एल्गार होते. त्यातून कुटुंबांसाठी पैसे उभे राहिले, ते चांगलंच झालं. पण ती मदत होती, त्यांच्या हक्काचे पैसे ते नव्हतेच. 2013मध्ये हार्टलीचं व्हायोलिन लिलावात 9 लाख पौंडांना गेलं.

मराठीत याला फार चपखल शब्द आहे: मानधन. इंजिनिअरला पगार, प्लंबरला मजुरी आणि गाणाऱ्याला मानधन. मान आधी, धन नंतर, जमलं तर. शाल-श्रीफळ दिलं की आयोजकाला हिशोब संपला असं वाटतं. कॅमेरॉनने त्या आठ जणांना पडद्यावरची सगळ्यात भव्य शाल घातली. पण बिल दाखवलं नाही.

तुम्ही म्हणाल, तीन तासांच्या प्रेमकथेत पेरोलचा सीन कुठे घालणार? आणि घातला तर त्या बलिदानाची उंची कमी नाही का होणार? मला उलट वाटतं. कागदावर ते प्रवासी होते. खलाशाचं कर्तव्य त्यांच्यावर नव्हतं, बोट शोधत पळाले असते तरी कुणाला बोट दाखवता आलं नसतं. तरी ते थांबले. हे कळल्यावर ते दृश्य लहान होत नाही, जास्त अवघड होतं. साधना म्हटलं की त्यांनी थांबणं आपोआपच येतं, जणू कलावंत असंच करतात. कंत्राट माहीत असलं की कळतं, थांबणं हा त्यांचा निर्णय होता.

गेल्या वर्षी माझ्या टीममधल्या एका कंत्राटी मुलीचं काम अचानक थांबवलं. निरोपाला केक आला, सगळे तिच्या निष्ठेबद्दल बोलले, मीही बोललो. आठवड्याने तिने मला एका मेलचा स्क्रीनशॉट पाठवला. लॅपटॉपची बॅग परत न केल्याबद्दल शेवटच्या पगारातून पैसे कापले होते. मी तिला रडणारा इमोजी पाठवला आणि कामाला लागलो.

परवा आईबरोबर तो सीन पुन्हा पाहिला. तिने डोळे पुसले. मी तिला जॉकच्या वडिलांना आलेल्या पत्राबद्दल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भरलं का रे त्यांनी ते बिल?”