प्युरिटन समाजातील स्त्रीची वाणी

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये वसलेल्या प्युरिटन समाजाने स्त्रीच्या आत्म्याला पुरुषाच्या आत्म्याइतकेच मोल दिले, पण तिच्या वाणीला दिले नाही. बायबल वाचता यावे म्हणून मुलींनाही अक्षरओळख करून दिली जाई. ईश्वरी कृपेचा अनुभव आलेल्या स्त्रीला धर्मसभेचे सभासदत्व मिळे. मात्र त्या सभेत उपदेश करण्याचा किंवा वसाहतीच्या कारभारात मत देण्याचा अधिकार तिला नव्हता.

हा अंतर्विरोध अ‍ॅन हचिन्सनच्या प्रकरणात उघड झाला. बोस्टनमधील आपल्या घरी स्त्रियांना जमवून ती प्रवचनांचे विवरण करी. पुढे पुरुषही येऊ लागले, आणि बहुतेक धर्मोपदेशक कृपेऐवजी कर्मावर भर देतात, असा तिचा आक्षेप पसरला. १६३७ मध्ये तिच्यावर अभियोग चालला. आपल्याला साक्षात ईश्वरी प्रेरणा होते, असे तिने तेथे सांगितले. तिला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३८ मध्ये धर्मसभेनेही तिला बहिष्कृत केले.

त्या न्यायासनावर थॉमस डडली आणि सायमन ब्रॅडस्ट्रीट होते. एक कवयित्री अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटचा पिता, दुसरा तिचा पती. तिचा ‘द टेन्थ म्यूझ’ हा संग्रह १६५० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, तो बहिणीच्या पतीने, जॉन वुडब्रिजने, तिच्या नकळत छापून घेतल्यामुळे. ही कविता गृहकृत्यांत कसूर करून लिहिलेली नाही, झोप मोडून लिहिलेली आहे, अशी ग्वाही त्याने प्रस्तावनेत दिली. तिच्या काव्यगुणांइतकीच ही ग्वाही तत्कालीन वाचकाला आवश्यक वाटत होती.

त्यामुळे ब्रॅडस्ट्रीटची विनम्रता ही केवळ शरणागती मानणे योग्य ठरत नाही. तिच्या आरंभीच्या दीर्घ रचना पांडित्याने जड झाल्या आहेत. तिची खरी शक्ती घरगुती विषयांवरील कवितांत आहे. १६६६ मध्ये घर जळाल्यावर लिहिलेल्या कवितेत ती ईश्वरेच्छा मान्य करते. पण त्यानंतरही तिची नजर राखेतील एकेका वस्तूच्या जागेवर रेंगाळते. नातवंडांच्या मृत्यूवरील कवितांतही सांत्वनाची धर्माज्ञा आणि शोक यांचे पुरते जुळत नाही. हा ताण ती मिटवत नाही, यातच तिच्या काव्याचा प्रामाणिकपणा आहे.

हचिन्सनने जे सभेत मांडले ते ब्रॅडस्ट्रीटने मांडले नाही, आणि तिची श्रद्धाही ढळली नाही. परंतु आज्ञाधारक मानलेल्या स्त्रीच्या मनात किती प्रश्न वावरत होते, याची साक्ष अभियोगाच्या कागदपत्रांपेक्षा तिच्या कवितेत अधिक स्पष्टपणे मिळते.